चार बोटांचं अंतर

सकाळी दाढी करायला बसला आणि आपटबारला स्वतःच्याच हाताची किळस आली.

हात तसा काही वाईट नव्हता. पस्तीस वर्षं जमिनीवर आपटून तळव्याचं कातडं जाड झालेलं, करंगळी वाकडी, मनगटावर टाक्यांची रेघ. पण तीन आठवड्यांपूर्वी याच हाताने त्याने टाळी वाजवली होती. समोर सख्ख्या भाचीचा जबडा मोडला, हाड मोडल्याचा आवाज त्याने आपल्या कानांनी ऐकला, आणि कॅमेरा थांबल्यावर चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या त्यात एक टाळी मामाची होती. सवय, दुसरं काय! हीरोचा शॉट झाला की टाळी वाजवायची असते. माणूस मेला तरी आधी टाळी, मग खांदा.

त्याने वस्तरा खाली ठेवला, तोंड धुतलं आणि वाढलेल्या खुंटांनिशीच सिनेमातल्या मारामारीवाल्यांच्या संघटनेच्या कचेरीकडे निघाला. आज चौकशी होती. आज तरी सगळं खरं सांगायचं, असं त्याने ताईला वचन दिलं होतं.

आता हा आपटबार कोण, ते सांगितलं पाहिजे. कारण तुम्ही त्याला शंभर वेळा पाहिलंय आणि एकदाही पाहिलेलं नाही. वादळ नावाच्या हीरोच्या सिनेमात त्याची लाथ बसल्यावर जो माणूस टेबलावरून, जिन्यावरून, दुकानाच्या काचेतून उडत जातो, तो हा. सिनेमातली मारामारी मार देणाऱ्यावर चालते असं लोकांना वाटतं. साफ खोटं. देणारा नुसता पाय हवेत फिरवतो. ती लाथ बसली, जोरात बसली, बत्तीस दात हलले, हे सगळं दाखवायचं काम खाणाऱ्याचं. पण पोस्टर देणाऱ्याचं लागतं. खाणाऱ्याचा चेहरा लोकांनी ओळखू नये म्हणून त्याला दर सिनेमात वेगळी मिशी चिकटवतात.

आणि वादळ म्हणजे वादळ. हे नाव कुणा बेताच्या डोक्याच्या निर्मात्याने ठेवलं आणि ते चिकटलं. सेटवर त्याला वादळसाहेब म्हणतात. आपटबार चारचौघांत साहेब म्हणतो, आणि दोघंच असले की अरे-तुरे करतो, कारण एका वखारीच्या माडीवर एकाच उस्तादांच्या हाताखाली ते दोघं शिकले. खाली लाकडं कापायची करवत चालायची, वर हे पाय झाडत असायचे. घामावर लाकडाचा भुसा बसून अंगाला नुसती खाज सुटायची.

उस्ताद म्हणायचे, "मारायला काय, गाढवही मारतं. थांबवता आलं पाहिजे." पाय तोंडापासून चार बोटांवर थांबला पाहिजे, हा त्यांचा नियम. जोडीने उभं राहायचं, मारणाऱ्याने पाय हळूच उचलून गालाजवळ आणायचा, खाणाऱ्याने मध्ये आपली चार बोटं घालून माप घ्यायचं, आणि मगच वेगाने मारायचं. माप घेतल्याशिवाय पाय उचलला की उस्ताद वेताची छडी उचलायचे. आणि खोटं कशाला बोलावं, त्या वयात वादळसारखा पाय कुणाचा नव्हता. वीज पडावी तसा यायचा आणि चार बोटांवर असा थांबायचा की आपटबारच्या गालाला फक्त वारा लागायचा. त्या वाऱ्यावरच आपटबारचा जीव जडला होता. वादळला पहिला सिनेमा मिळाला तेव्हा त्यानेच आपटबारला सोबत नेलं. "तू उडाला नाहीस तर माझी लाथ दिसायची कुणाला?" असं तो तेव्हा हसून म्हणाला होता, आणि ते खरंच होतं.

मग सिनेमे आले, बंगला आला, दोन बायका आल्या नि गेल्या, पोरासोरांनी त्याची नक्कल करत शाळेत एकमेकांची डोकी फोडली. आणि सगळ्यांचं येतं तसं वयही आलं. पन्नाशी उलटली तेव्हा वादळच्या डोक्यावर विग होता, पोटाला पट्टा होता आणि उजव्या गुडघ्यात कुठल्यातरी धातूचा तुकडा होता. कपडे बदलायच्या खोलीत तो पट्टा सोडायचा तेव्हा पोट सुटून मांडीवर यायचं, आणि मलम, घाम आणि अत्तर यांचा असा वास सुटायचा की आपटबार तोंडाने श्वास घ्यायचा. तरी इथवर काही बिघडलं नव्हतं. म्हातारपण कुणाला चुकलंय?

बिघडलं ते एका दुपारी. वादळचा पाय थांबला नाही. एका नव्या माणसाच्या कानशिलावर खरीखुरी लाथ बसली, तो कोलमडला, आणि डायरेक्टर मात्र मॉनिटरच्या पडद्याकडे बघून ओरडला, "हा चेहरा! असा चेहरा कुठला नट देणार?" वादळने तो शॉट तीनदा बघितला. त्याच्या ओठांवर हळूहळू जे हसू आलं ते आपटबारने पाहिलं. त्या दिवसापासून वादळने माप घ्यायचं सोडलं. "मला आता माप शिकवता?" असं म्हणायचा. गुडघा ऐकत नव्हता म्हणून पाय थांबत नव्हता, ते एक. पण पुढे पुढे पाय थांबवायची त्याला गरजच उरली नाही. मुळात कौशल्य आटलं होतं, त्या जागी त्याने दुसऱ्यांची हाडं वापरायला काढली. पोस्टरवर लिहून आलं, 'यात सगळं खरं आहे.' लोकांनी सिनेमा डोक्यावर घेतला.

मार खाणाऱ्यांनी काय केलं? काय करणार, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. या धंद्यात एक चाल आहे, ती इथे समजून घ्या. माणूस उडाला, आपटला, की पडल्या पडल्या त्याने एक हात वर करायचा. म्हणजे 'मी ठीक आहे.' हात वर आला की सेट श्वास सोडतो आणि पुढची तयारी सुरू होते. हात आला नाही तर सगळं थांबतं, डॉक्टरला बोलावतात, दिवस फुकट जातो, आणि ज्याच्यामुळे दिवस फुकट जातो त्याला पुन्हा कुणी बोलवत नाही. त्यामुळे तो हात तब्येतीसाठी वर जात नाही, भाकरीसाठी जातो. "आधी हात, मग श्वास," हे आपटबारने कितीतरी पोरांना शिकवलं.

भिंगरीलाही त्यानेच शिकवलं. ताईची ही एकुलती एक पोर. पायाला भिंगरी होती म्हणून नावही तेच पडलं. "मामा, मला पडायला शिकव," असं म्हणून मागे लागली. ताई म्हणाली होती, "तुझ्या हवाली करतेय हं. माझ्यापाशी हीच आहे." आपटबारने छातीवर हात मारून हो म्हटलं. पोर अशी पडायची की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत, आणि उठून खिदळायची.

तीन आठवड्यांपूर्वी तिचा आणि वादळचा शॉट होता. तिने मापासाठी चार बोटं वर धरली. वादळने ती दोन बोटांनी बाजूला सारली. "चला, चला, ऊन जातंय." मग पाय आला. आवाज झाला तो जबड्याचा. भिंगरी उडाली, आपटली, आणि तिचा हात वर आला. टाळ्या. ती स्वतःच्या पायांनी चालत कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेली आणि पडद्यामागे जाऊन रक्त ओकली. जबड्याचे दोन तुकडे झाले होते. आता तो तारेने शिवलाय. नळीने पातळ पाजतात आणि जे बोलायचं ते ती वहीत लिहिते.

वादळच्या माणसांनी सांगितलं की लाथ लागलीच नाही. पोरगी नंतर जिन्यावर घसरली. पुरावा? कॅमेऱ्यातला शॉट. बघा, हात वर आलाय. संघटनेच्या समितीने हे मान्य केलं असतं तर भिंगरीचं संघटनेचं सभासद-कार्ड रद्द होणार होतं. निष्काळजी आणि खोटारडी, असा शेरा पडला की एकही सेट तिला दारात उभं करणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. आणि ती लाथ प्रत्यक्ष बघून तोंड उघडायला तयार झालेला माणूस एकच होता, मामा.

कचेरीचा हॉल दुसऱ्या मजल्यावर होता. लांब टेबलामागे समितीचे पाच जण बसलेले. मधे अध्यक्ष, म्हणजे एकेकाळी वादळच्याच सिनेमांत खलनायकाचा उजवा हात असायचे ते. बाजूला एक बाई टिपणं घ्यायला बसली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान खाली. भिंतीलगतच्या बाकावर ताई आणि भिंगरी. भिंगरीचा चेहरा अजून एका बाजूने पिवळा-जांभळा होता. आणि वादळ? तो पायावर पाय टाकून बसला होता, आणि समितीतला एक सभासद त्याला स्वतः उठून पाणी देत होता. ते बघून आपटबारच्या तोंडात आंबट पाणी आलं.

शॉट लावला. पाय, पडणं, हात. अध्यक्ष म्हणाले, "हात तर स्पष्ट दिसतोय."

"हात आपोआप वर जातो, अध्यक्ष," आपटबार उभा राहिला. "तेच सांगायला आलोय मी. लागलं असलं तरी..."

"अरे, थांब जरा." वादळ उठला. हसत हसत आला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. "उगाच शब्दाला शब्द कशाला? तीच लाथ दाखवतो ना मी! माझी लाथ याच्याइतकी कुणी खाल्लीय? दहा हजार वेळा खाल्ली असेल. विचारा याला एकदा तरी लागलीय का. फक्त तोंडावर नको, वय झालंय दोघांचं. छातीवर दाखवतो."

पाचही जण खूश झाले. फुकटात खेळ बघायला मिळत होता. कोपऱ्यातली गादी ओढून मधे घातली. कुणीतरी मोबाइल काढला. आपटबारला नाही म्हणायचं सुचेपर्यंत तो गादीसमोर उभा होता, आणि सवयीने त्याने माप घ्यायला चार बोटं वर केली तोवर पाय येऊन बसलासुद्धा.

डाव्या बरगड्यांत कच्चकन काहीतरी मोडलं. आणि पुढचं सगळं आपटबारच्या हातात राहिलं नाही. पाय जमिनीवरून सुटले, अंग हवेत वळलं, पाठ गोल झाली, तळव्याने गादीवर फाडकन आवाज काढला. पस्तीस वर्षांत इतकं सुरेख तो क्वचितच पडला असेल. आणि श्वास घ्यायच्या आधी त्याचा हात वर गेला.

टाळ्या पडल्या.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण वादळने हात देऊन त्याला उठवलं, अध्यक्षांनी विचारलं, "लागलं का हो?" आणि आपटबारच्या तोंडून निघालं, "छे छे, साहेब. नुसता वारा." वर तो हसला. टाळ्या ऐकून क्षणभर त्याला बरंही वाटलं, हे सगळ्यांत घाणेरडं. मग त्याची नजर ताईकडे गेली. ती त्याच्याकडे अशी बघत होती की आपण कुणाच्या तरी ताटात थुंकलोय असं त्याला वाटलं.

"झालं तर मग," अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले. "जेवून घेऊ. नंतर मामांनी दोन ओळी लिहून सही करायची, की साहेबांची लाथ लागत नाही. विषय संपला."

जेवायला वादळने त्याला आतल्या खोलीत ओढून नेलं. समितीसाठी आणलेलं जेवण तिथे मांडलं होतं. दार लागल्यावर वादळने पट्टा सैल केला, बूट काढले, सुजलेला उजवा पाय समोरच्या खुर्चीवर ठेवला आणि कोंबडीची तंगडी उचलली.

"लागलं ना?" तोंडात घास असतानाच त्याने विचारलं.

आपटबारने ताटाला हात लावला नाही.

"मला कळलं. पायाला कळतं रे, आतलं काय मोडलं ते." त्याने हाड चोखलं, दातात अडकलेला धागा नखाने काढला आणि टेबलाच्या कडेला पुसला. "तिचंही तेव्हाच कळलं होतं. पण काय उठली पोरगी! हात बघितलास? अगदी तुझ्यासारखा. छान तयार केलीस हं. तसा चेहरा मला इतक्या वर्षांत कुणी दिला नव्हता."

"तुला कळलं होतं," आपटबार म्हणाला.

"मग? मी काय आंधळा आहे? ऐक, माझा पाय आता थांबत नाही. थांबवून दाखवायचं म्हटलं तर मीच पडेन. लोकांना खरं पाहिजे, मी खरं देतो. तुम्ही लोक हात वर करता म्हणून चाललंय सगळं. तुम्ही वर करा, मी मारतो. खा ना, गार होतंय." त्याने दुसरी तंगडी उचलून आपटबारच्या ताटात टाकली. त्याच्या बोटांवरचं तेल ताटभर पसरलं.

आपटबार उठला, बाहेर आला आणि हात धुवायच्या जागी ओकला. ओकताना मोडकी बरगडी अशी टोचली की डोळ्यांपुढे काळोखी आली. याच माणसाच्या पायाचा वारा गालाला लागावा म्हणून आपण आयुष्यभर उभे राहिलो? त्याने नळाखाली तोंड धरलं, खळखळून चुळा भरल्या. तोंडाची चव काही जाईना.

मागे वळला तर भिंगरी उभी होती. तिने वही पुढे केली. वहीत एकच शब्द होता, 'कितवी?'

आपटबारला हसू फुटणार होतं, पण बरगडीने ते आतल्या आत दाबलं. सगळ्या हॉलमध्ये, खेळ बघून टाळ्या पिटणाऱ्या त्या पाच शहाण्यांत, एकालाही जे दिसलं नाही ते या पोरीला दिसलं होतं. तो वरच्यावर श्वास घेत होता.

"सातवी," तो म्हणाला. "आठवीही असेल."

तिने मान डोलावली. रागाचा एक शब्दही लिहिला नाही. त्याला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भिंगरे, तू त्या दिवशी हात का वर केलास गं?"

तिने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. मग लिहिलं, 'तू का केलास?'

जेवणानंतर सगळे पुन्हा बसले. वादळ दात कोरत होता. अध्यक्षांनी कागद आणि पेन पुढे सरकवलं. आपटबार टेबलाजवळ गेला, पण पेनाला हात लावला नाही.

"सही करतो," तो म्हणाला. "पण साहेबांनी एकदा पुन्हा दाखवावं. या वेळी तोंडावर. तीच लाथ. आणि या वेळी मी पडणार नाही."

"म्हणजे?" अध्यक्षांना कळेना.

"म्हणजे उभा राहणार. हलणार नाही, उडणार नाही, काही नाही. साहेबांनी पाय चार बोटांवर थांबवायचा. आमच्या उस्तादांचा नियम आहे. लाथ लागत नाही ना? मग न लागता दाखवू दे."

त्याने गादी पायाने बाजूला सारली. फरशीवर उभा राहिला. दोन्ही हात पाठीमागे नेले आणि आपल्याच पट्ट्यात घट्ट खुपसले. हा हात पुन्हा वर जायला नको, याची त्याला सगळ्यांत जास्त भीती होती. मोडकी बरगडी ओरडत होती. त्याने हनुवटी जराशी पुढे केली.

"काय पोरखेळ लावलाय," वादळ हसला. पण ते हसू नुसतं ओठांवरच होतं. त्याने अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी टेबलाकडे बघितलं. मघाशी पाणी दिलेला सभासद म्हणाला, "दाखवा ना साहेब. तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ!" तो बिचारा खरंच भक्त होता.

वादळला आता मागे सरता येईना. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती उघडायला भक्तच निघाला. तो उठला, कोट काढला, समोर येऊन उभा राहिला. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. त्याच्या तोंडाला अजून कोंबडीचा वास येत होता. विगच्या कडेने डिंक आणि घाम एकत्र होऊन एक पांढरट थेंब कानाकडे उतरत होता. आपटबारने डोळे मिटले नाहीत. बघायचंच होतं त्याला, हे वादळ असतं तरी कसलं.

वादळने वजन डाव्या पायावर घेतलं. कंबर वळली, उजवा पाय जमिनीवरून उचलला गेला...

"अहो थांबा!" अध्यक्ष खुर्चीतून ताडकन उठले. "थांबा, लागेल ना त्याला!"

पाय अर्ध्यातच खाली आला. तोल गेला. वादळने टेबलाची कड धरली, टेबल हललं, पाण्याचा पेला आडवा झाला आणि पाणी त्या सहीच्या कागदावरून वाहत अध्यक्षांच्या मांडीवर गेलं. कुणीच ते पुसलं नाही.

अध्यक्षांचं तोंड उघडंच होतं. बोललेला शब्द गिळता येत असता तर त्यांनी तो पेल्यासकट गिळला असता. बाकीच्या चौघांपैकी तिघं खाली बघत होते, आणि ते नक्की कशामुळे खाली बघताहेत हे आपटबारला स्वच्छ कळत होतं. यांना माहीत होतं. आज नाही, आधीपासून. शॉट बघताना माहीत होतं, टाळ्या वाजवताना माहीत होतं, जेवताना माहीत होतं. पस्तीस वर्षांत त्याला इतकी शिसारी कधी आली नव्हती.

तेवढ्यात टिपणं घेणाऱ्या बाईने सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली.

"'थांबा, लागेल ना त्याला.' हे अध्यक्षांचं म्हणून लिहिलंय. बरोबर आहे ना?"

"ते... ते लिहायचं नाही, बाई. ते असंच."

"सकाळपासून सगळ्यांचं असंच लिहिलंय मी," बाई शांतपणे म्हणाली. "मधे कुणी शिंकलं तेसुद्धा आहे. आणि पानांना आकडे आहेत, पान फाडता येत नाही." तिने चष्मा वर सरकवला आणि आपटबारकडे वळली. "तुमचं मघाचं 'नुसता वारा' पण आहे इथे. ते ठेवायचं का?"

"ठेवा," आपटबार म्हणाला. "आणि खाली लिहा की ते खोटं आहे. बरगडी मोडलीय. त्यांच्या लाथेने. भिंगरीचा जबडा पण त्यांच्याच लाथेने. मी समोर होतो."

वादळ खुर्चीत बसला होता, गुडघा दोन्ही हातांनी धरून. अरे म्हणाला नाही, थांब म्हणाला नाही. बाईचं पेन चाललं होतं. भिंगरीने आईचा हात धरला होता, आणि आपटबारने पाठीमागे पट्ट्यात खुपसलेले हात आता कुठे बाहेर काढले. मुंग्या आल्या होत्या. पोरीचं कार्ड आता वाचेल, एवढं तरी झालं, असं त्याच्या मनात आलं.

"ते मारतात, खरं मारतात, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" बाईने लिहिता लिहिता विचारलं. प्रश्न साधाच होता. जबाबाच्या रकान्यात काहीतरी भरायचं होतं.

"सात वर्षं झाली," तो म्हणाला.

बाकावरून ताईचा आवाज आला. ती सबंध दिवसात पहिल्यांदाच बोलत होती.

"माझी पोर तुझ्याकडे आली त्याला पाचच वर्षं झालीत."

आपटबारने तिच्याकडे बघितलं नाही. बघायची छातीच झाली नाही. पाचही सभासद आता मान वर करून त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत त्याला तेच दिसलं जे मघापासून तो त्यांच्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत होतं.

बाईचं पेन थांबलं होतं. "हे लिहू का?" तिने हळूच विचारलं.

"लिहा," तो म्हणाला.